वैशाख आणि वामनवृक्ष

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवितेवर बोलायला मला अनेकदा बोलावलं जातं. झाडांवर बोला, असं मात्र पहिल्यांदाच कुणी म्हणालं आणि खरं सांगायचं तर मला जास्त आनंद झाला. कवितेवर बोलताना काही चुकलं तर फारसं कुणाचं नुकसान होत नाही. झाडाबद्दल चुकीचं सांगितलं तर कुणाचं तरी झाड मरतं. म्हणून आज जे सांगणार आहे ते माझ्या गच्चीवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे घडलं, त्याच्याच आधाराने. मी काही वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, कारकुनी केली, कविता लिहिल्या आणि उरलेल्या वेळात परळांत झाडं वाढवली.

बोन्साय हा शब्द जपानी. पसरट भांड्यात लावलेलं झाड, एवढाच त्याचा साधा अर्थ. ही कला चीनमधून जपानात गेली आणि तिथे तिला आजचं रूप आलं. मराठीत आपण तिला वामनवृक्ष म्हणतो. मला हा शब्द मूळ शब्दापेक्षाही आवडतो. वामनाची गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दिसायला बटू, पण पाऊल उचललं की त्रिभुवन अपुरं पडलं. या शब्दाकडे मी बोलण्याच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

आता आपला परभणीचा उन्हाळा. होळी झाली की तो दारात येतो आणि एप्रिल-मेमध्ये घरात येऊन बसतो. पारा 42, 43, कधी 44 अंशांपर्यंत चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात. सिमेंटच्या गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. आणि त्याच गच्चीवर दोन-तीन इंच मातीत एक वडाचं झाड उभं असतं. शेताच्या बांधावरचा वड ओलीच्या शोधात मुळं खोल नेतो. परळातल्या वडाला कुठे जायला जागाच नाही. त्याने पाणी मागायचं ते आपल्याकडेच. म्हणून या झाडांची खरी परीक्षा उन्हाळ्यात असते, आणि झाडांपेक्षाही ती पाळणाऱ्याची असते.

माझ्याकडे पहिला पिंपळ आला तो 1996 साली, आमच्याच भिंतीतून. गच्चीच्या कठड्याला चीर पडली होती आणि तिच्यात हातभर पिंपळ उगवला होता. गवंडी म्हणाला, तेजाब ओततो, नाहीतर भिंत फोडेल. शेजारच्या काकूंनी ते ऐकलं आणि खालूनच ओरडल्या, "भाई, पिंपळ जाळू नका बरं! मुंजा असतो त्याच्यात." मी म्हटलं, "काकू, मग भिंत पडू देऊ का?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "उपटा, पण फेकू नका. कुंडीत लावा." अशी तोड निघाली. गवंड्याने दोन विटा सैल केल्या, मुळं जमतील तितकी सुटी केली आणि मी तो पिंपळ कुंभाराकडून आणलेल्या परळात लावला. काकू पुढे कित्येक वर्षं विचारत असत, "काय भाई, मुंजा बरा आहे ना?" तो पिंपळ आजही माझ्याकडे आहे. वीतभर उंच वाढतो, पानं अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, आणि वारा आला की मोठ्या पिंपळासारखीच सळसळतात.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते जगलेल्या झाडाबद्दल नाही, मेलेल्या झाडाबद्दल. कारण शिकलो ते त्याच्याकडून.

ती चिंच होती, आणि ती अम्मीची होती. उन्हाळ्यात अम्मी वर्षाच्या चिंचा फोडायला बसायची. पुढ्यात चिंचांचा ढीग, एका बाजूला टरफलं, एका बाजूला चिंचोके. 1991 साली त्यातला एक चिंचोका मोरीजवळच्या ओलीत पडला आणि पावसाळ्यात उगवला. अम्मीने तो मला दाखवला. मी तो परळात लावला. तेरा वर्षांत त्याचं दीड फुटाचं झाड झालं. बुंध्याला चिंचेच्या झाडाला असतात तशा भेगा, रात्री मिटणारी पानं, सगळं मोठ्या चिंचेसारखं. 2002 साली अम्मी गेली. चिंच राहिली.

2004 च्या मे महिन्यात आमच्या घरी भाचीचं लग्न होतं. अंगणात, पाहुण्यांच्या नजरेला पडेल अशी ती चिंच ठेवावी असं माझ्या मनात आलं. झाड जरा अस्ताव्यस्त वाढलं होतं. मी पुस्तकात वाचलं होतं की झाडाची सगळी पानं काढून टाकली की नवी पानं बारीक येतात आणि झाड देखणं दिसतं. एका दुपारी मी कात्री घेऊन बसलो. फांद्या मागे घेतल्या, सगळी पानं काढली. हात चालूच राहिला, म्हणून परळही बदलला. जुना मातीचा काढून निळ्या चिनीमातीच्या चकचकीत ट्रेमध्ये झाड बसवलं आणि बसवताना मुळंही छाटली. संध्याकाळी जो आला तो वाहवा म्हणाला. मुशायऱ्यात दाद मिळावी तसं मला वाटलं.

लग्नाच्या गडबडीत दोन दिवस ट्रे उन्हातच राहिला. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर शेंडे काळे पडलेले. झाड जिवंत आहे का हे पाहायची एक साधी रीत आहे. नखाने साल थोडी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. मी शेंड्याशी खरवडलं, तपकिरी. मधल्या फांदीवर खरवडलं, तपकिरी. बुंध्यावर, बुंध्याच्या खाली, मुळापाशी. सगळीकडे तपकिरी. नंतर महिनाभर मी त्या झाडाला पाणी घालत राहिलो. ते माझ्यासाठी होतं, झाडाला त्याचा काही उपयोग नव्हता.

मंडळी, पुस्तकात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. पुस्तकाचं गाव वेगळं होतं. मुंबईच्या दमट हवेत, जिथे मे महिन्यातही पारा 34-35 च्या आसपास राहतो, तिथे वड-पिंपळासारखी झाडं उन्हाळ्यात जोमाने वाढतात आणि त्यांची छाटणी निभावते. आपल्याकडे उष्मा तर आहेच, वर हवा कोरडी ठणठणीत. दहा अंशांचा फरक आणि कोरडी झळ, यांत एका झाडाचा जीव जातो.

असं का होतं तेही समजून घेऊ. पान म्हणजे झाडाचा पंखा. पानातून पाण्याची वाफ होते, त्यामुळे पान गार राहतं आणि त्याच ओढीने मुळाकडून पाणी वर चढतं. सगळी पानं काढली की ही ओढ थांबते. शिवाय पानांची सावली बुंध्यावर असते. ती गेली की कोवळी साल थेट उन्हात येते आणि भाजते. फांदीचा शेंडा कापला की त्याच्या खालचे झोपलेले डोळे जागे होतात आणि नवे कोंब फुटतात. कारण शेंडा जे रसायन खाली पाठवून त्यांना दाबून ठेवतो ते येणं बंद होतं. छाटणीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. पण हे कोंब फोडायला झाडाला साठवलेली ताकद खर्च करावी लागते आणि मे महिन्याच्या झळीत असा कोवळा कोंब दोन दिवसांत करपतो. म्हणजे खर्च झाला आणि हाती काहीच आलं नाही. त्यात मुळं छाटली तर पाणी पिण्याचं तोंडच बंद. मी त्या चिंचेचे पंखे काढले, तोंड बंद केलं आणि वर तिला तापणाऱ्या भांड्यात बसवलं. तीन चुका एकाच दुपारी.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की मोठी छाटणी, मुळांची छाटणी, परळ बदलणं, पानं काढणं ही सगळी कामं आपल्या भागात एकतर माघ-फाल्गुनात, ऊन तापायच्या आधी, करावीत, नाहीतर मृगाचे तीन-चार चांगले पाऊस होऊन हवा गार झाल्यावर. मृग लागतं 7 किंवा 8 जूनला. पण तारखेवर जाऊ नका, पावसावर जा. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाचा पहिला पंधरवडा, एवढे दिवस मोठी कात्री कपाटात ठेवा.

मग उन्हाळ्यात काहीच कापायचं नाही का? थोडं चालतं. वाळलेली काडी कधीही काढावी. बुंध्यापाशी फुटलेले नको असलेले धुमारे काढावेत. वड, पिंपळ, उंबर यांचा एखादा कोंब फारच लांब सुटला, त्याला पाच-सहा पानं आली, तर दोन पानं ठेवून पुढचा शेंडा नखाने किंवा लहान कात्रीने खुडावा. हे काम सूर्य उतरल्यावर आणि सावलीत करावं. चीक वाहू लागला तर पाण्याचा हलका फवारा मारा, थांबतो. बोगनवेल उन्हाळ्यात फुलते. फुलं असताना तिला हात लावू नका, बहर ओसरला की मग टोकं कमी करा. फांद्यांना आकार द्यायला तार गुंडाळली असेल तर ती आधी तपासा. उन्हात तार तापते आणि साल भाजते, शिवाय वाढत्या फांदीत ती रुतते. काढताना उलगडत बसू नका. तुकडे करून काढा, म्हणजे फांदी मोडत नाही.

आता जागा. सकाळचं कोवळं ऊन मिळावं आणि अकरानंतर सावली यावी अशी पूर्वेची बाजू उत्तम. ती नसेल तर हिरव्या जाळीची सावली करा. परळ थेट सिमेंटवर ठेवू नका. विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते. मातीचं तापमान 40 अंशांच्या पुढे गेलं की बारीक मुळं होरपळू लागतात आणि आपल्याला ते वरून दिसत नाही. परळाभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. झाडं एकमेकांजवळ ठेवा. एकाच्या पानांची ओल दुसऱ्याला मिळते, माणसांसारखंच. कुंभाराचा भाजलेला, न चकाकणारा परळ उन्हाळ्यासाठी सर्वात चांगला. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने त्यातली माती गार राहते. त्याला पाणी थोडं जास्त लागतं, हे मात्र धरून चाला.

माती कोणती, हे पुष्कळजण विचारतात. आपल्या काळ्या मातीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. कापूस, सोयाबीन, ज्वारी, सगळं तिच्यावर उभं आहे. पण परळात ती घालू नका. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. शेतात भेगा पडल्या तर मुळाला बाजूला सरकायला जागा असते. परळात बारीक मुळं तटातट तुटतात. मी दोन भाग विटेचे मुगाएवढे तुकडे, एक भाग जाडी वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण वापरतो. विटेचं पीठ मात्र चाळून टाकावं लागतं, नाहीतर पाण्याचा निचरा अडतो. उन्हाळ्यात जोराचं खत देऊ नये. पेंड, रासायनिक खत, सगळं पावसाळ्यापर्यंत थांबू द्या.

आणि पाणी. जपानमध्ये असं मानतात की नुसतं पाणी घालायला शिकायला तीन वर्षं लागतात. मला जास्त लागली. पाणी घालायचं ते पहाटे आणि सूर्य मावळल्यावर. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांना देऊ नये. दुपारी पानं मलूल दिसली की आपण घाबरून पाणी ओततो. आधी बोट मातीत खुपसून पाहा. ओल असेल तर झाडाला तहान नाही, उष्मा आहे. त्याला सावलीत सरकवा, सायंकाळी ते आपोआप सावरतं. ओल असताना रोज पाणी ओतत राहिलं तर मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळाचं झाडही मलूलच दिसतं. मग आपण आणखी पाणी ओततो. उन्हाळ्यात पाण्याअभावी झाडं मरतात तशी अशा मायेनेही मरतात. माती पूर्ण कोरडी झाली असेल तर वरून घातलेलं पाणी कडेने वाहून जातं. अशा वेळी घमेल्यात पाणी घेऊन परळ दहा मिनिटं त्यात ठेवा. बुडबुडे थांबले की काढा. उरलेल्या पाण्यात दुसरा परळ ठेवा. जेड, अडेनियम यांच्या अंगात पाणी साठलेलं असतं, त्यांना माती वाळल्यावरच पाणी. वडाचं तसं नाही. प्रत्येकाची तहान वेगळी.

आपल्याकडे अनेक घरांत बोअरचं पाणी असतं आणि ते क्षारांचं असतं. परळाच्या कडेला पांढरा थर दिसतो तो त्याचाच. पावसाचं पाणी रांजणात धरून ठेवता आलं तर अमृत. नाहीतर वरची अर्धा इंच माती महिन्या-दीड महिन्याने खरवडून बदलावी. कोरड्या हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण येतात. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारला तरी पुष्कळ काम होतं. जास्त असेल तर शेतकरी वापरतात तोच पाच टक्के निंबोळी अर्क. घरगुती मापाने सांगायचं तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, लिटरभर पाणी करा, त्यात चिमूटभर साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

श्रोतेहो, इथवर सगळं सोपं होतं. अवघड प्रश्न वेगळाच आहे. तो मला 2019 साली पडला.

2018 चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला होता. तीन वर्षांपूर्वी, 2016 च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. 2019 च्या मे महिन्यात आमच्या गल्लीत टँकर येऊ लागला. नेमका तेव्हाच रमजान होता. 7 मेला पहिला रोजा, 5 जूनला ईद. म्हणजे संपूर्ण वैशाख रोज्यांत. माझ्याकडे तेव्हा सत्तावीस झाडं होती. दिवसाला एका झाडाला लिटरभर धरलं तरी दोन घागरी.

एक गोष्ट मात्र त्या महिन्यात माझ्या लक्षात आली. आम्ही पहाटे सव्वाचारच्या आत सहरी आटोपतो, मग दिवसभर पाणी नाही, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला इफ्तार. झाडांनाही पाणी देण्याच्या उत्तम वेळा नेमक्या याच. मी आधी झाडांना पाणी घालायचो, मग स्वतः प्यायचो. बायको हसून म्हणाली, "झाडां बी रोज्यां में हैं क्या?" दुपारी दोन वाजता घशाला कोरड पडली की मी जाळीखालच्या झाडांकडे पाहायचो. त्यांचं मलूल होणं मला तोवर पुस्तकातून समजत होतं. त्या महिन्यात ते अंगातून समजलं.

पण एका सकाळी टँकरच्या रांगेत उभा होतो. पुढे गल्लीतल्या एक मावशी होत्या. त्या सहज म्हणाल्या, "भाई, तुमची झाडं बारकी हाएत म्हणून बरंय. मोठी असती तर आमची घागर बी त्यांनाच लागली असती." सगळे हसले, मीही हसलो. मावशींच्या मनात काही नव्हतं. पण घरी येऊन मी झाडांसमोर बसलो तर ते हसू घशात अडकलं. जिथे माणसं घागरीसाठी पहाटेपासून उभी आहेत तिथे दोन घागरी हौसेवर ओतायच्या का? आणि नाही ओतल्या तर? ज्यांना आपण जमिनीतून काढून परळात आणलं, ज्यांची मुळं आपणच आखूड केली, त्यांना ऐन तहानेच्या वेळी सोडून द्यायचं का?

आमच्या घरांत लहानपणीच शिकवण मिळते की वुजू करताना, म्हणजे नमाजआधी हातपाय धुताना, वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी पाणी उधळू नका. आम्ही मोरीत एक घमेलं ठेवलं. घरातल्या सर्वांच्या वुजूचं पाणी त्यात धरायचं. त्यात साबण नसतो, काही नसतं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणीही त्यात. दिवसाचं मोजलं तर दहा-अकरा लिटर भरलं. तेवढ्यात अकरा झाडं जगली असती. टँकरच्या पाण्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. उरली सोळा.

जवळच्या मशिदीत वुजूखान्याचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे एक निंब आहे आणि त्याच्याखालची जमीन उन्हाळ्यातही ओली असते. इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, पाणी नाल्यातच जातं, झाडांना गेलं तर सवाबच आहे. मी आणि माझ्या मुलाने ते सोळा परळ निंबाच्या सावलीत कडेपर्यंत जमिनीत पुरले. परळ जमिनीत पुरला की त्याला ऊन लागत नाही आणि पाणी निम्म्याहून कमी लागतं. गावाला जायचं असेल तेव्हाही ही युक्ती उपयोगी पडते. सोळांपैकी चौदा झाडं जगली. दोन गेली. त्या महिन्यात मी एकाही झाडाला कात्री लावली नाही.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जून संपत आला तेव्हा मी परळ काढायला गेलो. बारा सहज निघाले. एक वड आणि एक उंबर निघेनात. त्यांची मुळं परळाच्या तळाच्या भोकातून बाहेर पडून जमिनीत शिरली होती. चौदा वर्षं जपलेला वड होता तो. मूळ कापलं असतं की झाड हातात आलं असतं. कात्री खिशात होती, पाऊसही झाला होता, म्हणजे आता कापायला हरकत नव्हती. पण ज्या झाडाने इतक्या उन्हाळ्यात स्वतःची वाट काढली तिच्यावर कात्री चालवायला हात होईना. मशिदीच्या भिंतीपाशी वड ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. म्हणून कडेने खोल खणून, परळ फोडून, मातीच्या गोळ्यासकट दोन्ही झाडं काढली आणि कब्रस्तानाच्या कडेला मोकळ्या जागेत लावली.

पुष्कळ लोक मला विचारतात, तुम्ही कवी माणूस, झाडांना असं खुजं करताना तुम्हाला काही वाटत नाही का? मी कधी वाद घालत नाही, कारण प्रश्न खोटा नाही. पाहण्यासाठी किंवा दाद मिळवण्यासाठी झाड छाटलं की काय होतं ते मी चिंचेच्या बाबतीत पाहिलं आहे. पण दुसरीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्ष उद्यानात एक जपानी पाइन आहे. 1625 पासून ते भांड्यात वाढवलं गेलं आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी नावाच्या कुटुंबाच्या अंगणात, भिंतीच्या आड होतं. ते वाचलं. 1976 साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं, आणि हिरोशिमाचा उल्लेखही केला नाही. 2001 साली त्यांचे नातू ते झाड पाहायला आले, तेव्हा ही गोष्ट तिथल्या लोकांना समजली. मी नेहमी एकच विचार करतो. बॉम्ब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्या झाडाला पाणी लागलंच असेल. ऑगस्ट महिना होता. कुणीतरी ते घातलं असेल, म्हणून ते आज आहे.

आणि वामनवृक्ष खुजा असतो हेही खरं नाही. त्याच्या बीजात खुजेपण नसतं. ते असतं परळात, कात्रीत आणि आपल्या हातात. कब्रस्तानाच्या कडेला लावलेल्या त्या वडाची पानं परळात असताना बोटाच्या पेराएवढी होती. दुसऱ्या पावसाळ्यात ती तळहाताएवढी झाली. आज तो वड दोन पुरुष उंच आहे. जनाजा घेऊन आलेली माणसं त्याच्या सावलीला उभी राहतात. टँकरच्या रांगेतल्या मावशींना मी तो एकदा दाखवला. त्या वर पाहत म्हणाल्या, "हाच का तो बारका?"

आता वैशाख चालू आहे. ज्यांच्याकडे अशी झाडं आहेत त्यांनी आज संध्याकाळी एवढंच करावं. मातीत बोट घालून पाहावं, परळ विटांवर घ्यावेत, मोरीत एक घमेलं ठेवावं. झाडांशेजारी पाखरांसाठी पाण्याचं एक परळ भरून ठेवावं. आणि ज्यांच्या भिंतीत वड-पिंपळ उगवला असेल त्यांनी तेजाब ओतण्याआधी मृगाची वाट पाहावी. पावसात भिंत ओली झाली की मुळं सुटी होतात आणि झाड सहज निघतं. परळात लावा किंवा जमिनीत लावा, पण फेकू नका. हे आमच्या शेजारच्या काकूंचं सांगणं आहे, मी फक्त तुमच्यापर्यंत पोचवलं.